लढणं वेगळं, कुढणं वेगळं

माझे वडील आणि माझे धाकटे चुलते 1982 साली एकाच संपात सापडले. एकाच वर्षी दोघं गावी परतले आणि पुढचं सगळं आयुष्य एकाच घराच्या दोन सोप्यांत राहिले. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो, चुलत्यांना तात्या. जमीन निम्मी निम्मी वाटलेली, नोकरी दोघांचीही गेलेली, वर पाऊस तोच आणि खाली चिखलही तोच. तरी एकाचं म्हातारपण हसतखेळत गेलं आणि दुसऱ्याचं आतल्या आत जळण्यात. सुखदुःख आपल्या मानण्यावर असतं, असं लोक सहज बोलून जातात. मला ते वाक्य ऐकलं की आधी शंका येते, कारण बहुतेक वेळा पोट भरलेला माणूस ते उपाशी माणसाला सांगत असतो. म्हणून मी डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच सांगतो.

आमचं गाव पाली, राजगडाच्या पायथ्याला. गडाच्या पाली दरवाजाला नाव मिळालं ते आमच्याच गावावरून. पूर्वी पुण्याहून वेल्ह्याची एसटी धरायची, खरीवला उतरायचं, कानद नदी ओलांडायची की आलं गाव. गडावर चढणाऱ्यांना ही पायऱ्यांची वाट इतर वाटांपेक्षा सोपी पडते. आमच्या दृष्टीनं मात्र गड म्हणजे पाऊस अडवणारा डोंगर. भात, नाचणी, वरई एवढंच पिकायचं आणि भाताचं खाचरही हाताच्या पंजाएवढं. त्यामुळे मिसरूड फुटलं की मुलगा मुंबईला जायचा. आमच्याकडच्या घराघरांतली माणसं गिरणीत, गोदीत, नाहीतर बाजारात माथ्यावर ओझी वाहायला होती.

आबा आधी गेले आणि तात्या त्यांच्या मागोमाग. डिलाईल रोडला गावकीचा गाळा होता. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं राहायची. पहिल्या पाळीची उठून गेली की रात्रपाळीची त्याच जागेवर वळकटी पसरायची. जेवण खानावळीत. आबा साचा खात्यात विणकर होते. तात्या सूत खात्यात बदली कामगार. बदली म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभं राहायचं आणि कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळायचं. नसेल तर परत गाळ्यावर. अशी कित्येक वर्षं काढल्यावर तात्या कायम झाले. गावी पेढे आले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. त्या पेढ्यांच्या पुडक्याला बांधलेली लाल सुतळी मला अजून आठवते.

नंतर काही महिन्यांतच, 18 जानेवारी 1982 ला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, दोन-तीन महिन्यांत मिटेल. मुंबईत बसून खायला पैसे नाहीत म्हणून माणसं गावी आली. होळीला आली, आवणीला थांबली, दिवाळी गावीच झाली. वर्ष उलटून गेलं. संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा शेवटपर्यंत झाली नाही, तो नुसता विरत गेला. काहींना परत घेतलं, बऱ्याच जणांना घेतलं नाही. आबा आणि तात्या न घेतलेल्यांत होते.

आता दोघांच्या ट्रंकांची गोष्ट सांगतो. दोघांनीही मुंबईहून एकेक पत्र्याची ट्रंक आणली होती. आबांनी पहिल्या पावसाळ्यानंतर आपली ट्रंक रिकामी केली आणि तिच्यात बियाण्याचं भात भरलं, उंदीर लागू नयेत म्हणून. तात्यांची ट्रंक जशीच्या तशी खोलीत राहिली. वर पांघरूण, आत दोन इस्त्रीचे शर्ट, गिरणीचा पास, पगाराच्या चिठ्ठ्या. काकीनं एकदा त्यात लुगडी ठेवायचं म्हटलं तर तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे ती. बोलावणं आलं की लगीच निघायचंय."

बोलावणं येणार नाही हे गावात सगळ्यांना कळलं होतं. तात्यांनाही कळलं असावं. पण त्यांनी पालीत राहायला सुरुवातच केली नाही. खाचरात उभे असायचे तेही पाहुण्यासारखे. आवणीला चार माणसं जमली की मध्येच बोलणं गिरणीवर यायचं. मालक कसे उलटले, पुढारी कसे फुटले, कायदा कसा वाकवला, सगळं तारीखवार. मला आज वाटतं, त्यातलं नव्वद टक्के खरं होतं. तात्या मूर्ख नव्हते, खोटंही बोलत नव्हते. त्यांच्यावर अन्याय झाला होता आणि तो त्यांना आबांपेक्षा जास्त झोंबला, कारण वर्षानुवर्षं दाराबाहेर उभं राहून ते नुकतेच आत आले होते. आबांनी कायम कामगाराचे दिवस पुरेसे भोगले होते. दोघांचं नुकसान सारखं, असं मी वर म्हटलं. कागदावर ते सारखंच होतं. मनाच्या हिशेबात तसं नव्हतं आणि हे विसरून तात्यांना दोष देणं मला कधीच पटलं नाही.

आबांना दुःख झालं नाही, असंही नाही. तो पहिला पावसाळा ते फारसे बोललेच नाहीत. रात्री ओट्यावर बसायचे ते बसूनच राहायचे. आई हाक मारून दमायची. पुढं त्यांचं मन कशानं फिरलं, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. एवढंच म्हणायचे, "तरवा वाट बघत नाय." राब भाजला, पेरणी झाली, रोपं वीतभर वर आली की ती वेळेत खाचरात जावीच लागतात. माणूस दुःखात आहे म्हणून ती थांबत नाहीत. त्या कामानं त्यांना धरून उठवलं, असं मी समजतो.

मग मात्र ते भातात शिरले ते विणकरासारखे. 1987 साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून इंद्रायणी वाण आलं, तेव्हा त्याचं बी मिळवायला ते स्वतः धडपडले. पुढं डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री भातशेती कृषी सहायकाकडून कानावर आली. भाताचं तूस जाळून त्याची राख रोपवाटिकेत, गिरिपुष्पाचा पाला खाचरात, दोरी धरून ठरावीक अंतरावर लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध. दोरी धरून लावणी म्हटल्यावर गाव हसलं. आबांना मात्र ते लगेच पटलं. पंधरा सेंटिमीटर, पंचवीस सेंटिमीटर, पुन्हा पंधरा, अशा खुणा त्यांनी नायलॉनच्या दोरीवर रंगवल्या. आयुष्यभर ताण्याचे धागे सरळ बघितलेल्या माणसाला वाकडी ओळ सहन व्हायची नाही. "दोन काड्या लाव, मूठभर कोंबू नकोस," म्हणून आम्हाला ओरडायचे. पीक चांगलं आलं. त्यानं आम्ही श्रीमंत झालो नाही, पण वर्षाचा तांदूळ घरचा झाला आणि थोडा विकायलाही उरू लागला. आणि आबांना काही तरी नीट केल्याचं समाधान मिळू लागलं, जे गिरणीनं त्यांच्याकडून काढून घेतलं होतं.

तात्यांचं खाचर बांधाला बांध लागून. तिथंही तसंच पिकलं असतं. आबांनी दोरी देऊ केली, तर ते म्हणाले, "दादा, हे करायला आपण मुंबईला गेलो व्हतो का?" या प्रश्नाला उत्तर नाही. प्रश्न चुकीचाही नाही. पण त्या प्रश्नापाशी ते पुढची अनेक वर्षं उभे राहिले.

इथपर्यंत ऐकणाऱ्याला वाटेल, आबा म्हणजे झालं गेलं विसरून जाणारे, तडजोड करणारे आणि तात्या लढवय्ये. खरं याच्या उलट होतं आणि माझ्या सांगण्यातला मुद्दा हाच आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी, थकलेल्या देण्यांसाठी मुंबईत मोर्चे निघायचे. निरोप आला की आबा भाकरी बांधून निघायचे. आझाद मैदानात दिवसभर उन्हात बसायचे, घोषणा द्यायचे आणि रात्रीची गाडी धरून परत यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी खाचरात हजर. तात्या जायचे नाहीत. "जाऊन काय उपेग? समदे चोर हायेत." दिवसभर ज्या अन्यायाबद्दल ते बोलायचे, त्याविरुद्ध उभं राहायची वेळ आली की त्यांचे पाय उचलायचे नाहीत. कुढण्यात त्यांची सगळी ताकद खर्च होऊन जायची. लढायला लागणारी शिल्लकच राहायची नाही.

आबांची यावर एक आवडती गोष्ट होती. गावात बसून वर बघितलं की राजगड दिसतो, म्हणून ती त्यांना सुचत असावी. 1665 च्या जूनमध्ये पुरंदरच्या तहात महाराजांनी मोगलांना 23 किल्ले दिले आणि स्वतःकडे 12 ठेवले. त्या बारांत आमचा राजगड होता. समोरचा सिंहगड गेला. आबा म्हणायचे, गेलेले तेवीस रोज मोजत बसले असते तर उरलेले बाराही गेले असते. पुढच्याच वर्षी आग्ऱ्याचं संकट आलं, तिथूनही महाराज याच गडावर परतले. मग 4 फेब्रुवारी 1670 ला सिंहगड घेतला, मार्चमध्ये पुरंदर घेतला. म्हणजे गेलेलं विसरले नव्हते. मधली वर्षं बारा किल्ल्यांवर राज्य केलं आणि तयारी केली. इतिहासाचे जाणकार यात राजकारणाची पुष्कळ कारणं सांगतील. गिरणीतून काढलेल्या एका विणकरानं त्यातून एवढंच घेतलं आणि त्याला तेवढं पुरलं.

पुढं मी शिक्षक झालो, पुण्यात स्थिरावलो. शाळेतल्या मुलांच्या समुपदेशनासाठी एक प्रशिक्षण घेतलं तेव्हा तिथं जे शिकवलं जात होतं त्यात मला सारखे आमचे दोन सोपे दिसत होते. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचं सांगणं असं, की घटना आणि तिच्यामुळे होणारा मनस्ताप यांच्या मध्ये आपली एक समजूत उभी असते. ‘हे मला मिळायला हवं होतं’ ही इच्छा झाली. ‘हे मला मिळालंच पाहिजे होतं आणि मिळालं नाही म्हणजे सगळं संपलं’ हा हट्ट झाला. इच्छा पुरी झाली नाही तर दुःख होतं, ते निरोगी असतं. हट्ट पुरा झाला नाही तर माणूस मोडतो.

दुसरं एक संशोधन तिथं ऐकलं. 17 ऑक्टोबर 1989 ला कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. योगायोगानं त्याच्या दोनच आठवडे आधी स्टॅनफर्ड विद्यापीठात सुसान नोलेन-होक्सेमा यांनी विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. मन खिन्न झालं की तुम्ही काय करता, हेही त्यात विचारलेलं होतं. भूकंपानंतर त्याच विद्यार्थ्यांना त्यांनी पुन्हा गाठलं. जे आधीपासूनच खिन्न होते आणि आपलं दुःख पुन्हा पुन्हा घोळवत बसण्याची ज्यांना सवय होती, त्यांची खिन्नता सात आठवड्यांनंतरही इतरांपेक्षा जास्त होती. मला महत्त्वाचं वाटलं ते त्याच अभ्यासातलं दुसरं निरीक्षण. ज्यांना भूकंपाची झळ प्रत्यक्ष जास्त लागली होती, त्यांचाही त्रास सुरुवातीला जास्त होता. म्हणजे वृत्ती सगळं ठरवत नाही. भिंत कोसळते ती खरीच कोसळते. त्यानंतर दुःख किती लांबतं, यात मात्र आपल्या सवयीचा हात असतो.

आणि सवय बदलू शकते, हेही मी तात्यांच्याच बाबतीत पाहिलं. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं देण्यासाठी म्हाडानं अर्ज मागवले. 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागायचा. हजेरीचं तिकीट, पगाराची चिठ्ठी, लाल पास, ईएसआयचं कार्ड, फंडाची पावती, असं काही तरी. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांकडे यातलं धड काही उरलं नव्हतं. कुणाचं पावसात भिजलं, कुणाचं चुलीत गेलं. आबांचे कागद बियाण्याच्या नादात कधीच इकडेतिकडे झाले होते. एकट्या तात्यांची ट्रंक शाबूत. तिच्यात स्वतःचे कागद तर होतेच, पण भावाच्या काही चिठ्ठ्याही त्यांनी सांभाळल्या होत्या. आबांनी मुद्दाम चार गावांत सांगून टाकलं, "अर्ज भरायचाय? आमच्या तात्याकडं जावा. त्याला समदं म्हाईत."

माणसं यायला लागली. खरीवहून, वाजेघरहून, विंझरहून. गेलेल्यांच्या विधवा यायच्या, वारसदार पोरं यायची. तात्या चष्मा लावून ओट्यावर बसायचे. अक्षर त्यांचं सुरेख. कुठला कागद चालेल, कुठल्या कागदाची नक्कल कुठून मिळेल, फंडाच्या कचेरीत काय मागायचं, सगळं समजावून सांगायचे. ज्या तारखा ते वर्षानुवर्षं तक्रारीत उगाळत होते, त्याच तारखा आता कुणाच्या तरी उपयोगाला येत होत्या. त्या काळात तात्या नीट जेवायचे. काकी आईला म्हणाली, "यांना झोप लागाया लागली बया." अन्याय होता तेवढाच होता, पैसा एक आला नव्हता. फक्त त्या दुःखाला हाताशी एक काम मिळालं होतं.

28 जून 2012 ला पहिली सोडत निघाली, 6,925 घरांची. अर्ज दीड लाखाच्या घरात. आबांचा नंबर लागला नाही, तात्यांचाही नाही. त्या रात्री तात्या पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजले आणि पुढचे काही महिने पहिल्यासारखेच गेले. पूर्ण पहिल्यासारखे मात्र कधी झाले नाहीत. अर्जाची चौकशी करायला कुणी आलं की उठून बसायचे. बदल झाला तो एवढाच आणि माझ्या मते तो थोडा नव्हता.

एक गोष्ट सांगितली नाही तर हे सगळं आबांच्या आरतीसारखं वाटेल. मी एकदा आईला म्हटलं, आबा किती समाधानी राहिले बघ. आई भांडी घासत होती. ती म्हणाली, "समाधानी ऱ्हायला त्यांना सवड व्हती. मोर्चाला गेले की गुरं कुणी बघितली? शनवार-रईवारी ताकाची कळशी घेऊन गडावर कोण चढत व्हतं?" खरं होतं ते. सुट्टीच्या दिवशी गडावर येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पोरांना ती पाली दरवाजाच्या वाटेवर ताक आणि लिंबू सरबत विकायची. आमच्या वह्या-पुस्तकांना त्यातूनच पैसे मिळाले. घरातल्या एका माणसाची प्रसन्नता बऱ्याचदा दुसऱ्याच्या कष्टांवर उभी असते आणि आपल्याकडे ते दुसरं माणूस बहुधा बाई असतं. पलीकडच्या सोप्यात काकीनं तर दुप्पट ओढलं. नवऱ्याचं खाचरही तिनंच सांभाळलं आणि नवऱ्याचं मनही. तिच्या वृत्तीबद्दल कधी कुणी कौतुकानं बोललं नाही.

म्हणून ‘आनंदी राहा, सगळं आपल्या हातात आहे’ असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत नाही. सगळं आपल्या हातात नसतं. गिरणी बंद पडणं आबांच्या हातात नव्हतं, सोडतीत नाव निघणं तात्यांच्या हातात नव्हतं. आणि ज्याचं मन खोल खचलं आहे त्याला वृत्ती बदल म्हणून सांगणं हा तर छळच. त्याला डॉक्टरकडे न्यावं. मी सांगतो ते एवढंच. तक्रार खरी असेल तर ती लिहून द्या, रांगेत उभे राहा, मोर्चाला जा, हक्काचं सोडू नका. आणि हे सगळं करत असताना आजच्या जेवणाची चव, पोराचा अभ्यास, शेजाऱ्याशी बोलणं हे त्या निकालापर्यंत तहकूब ठेवू नका. निकाल तुमच्या बाजूनं लागला तरी ते दिवस परत मिळत नाहीत.

आबा गेले, तात्याही गेले. दोघांचे अर्ज वारस म्हणून आता मी आणि माझा चुलतभाऊ चालवतो आहोत. सोडतीची बातमी आली की यादी बघतो, कागद मागितले की नेऊन देतो, बोलावलं की आझाद मैदानात जाऊन बसतो. घर मिळालं तर हवंच आहे, तो आमच्या बापांचा हक्क आहे. पण त्या घरासाठी पालीतल्या आमच्या दोन्ही सोप्यांत कुणाचंही काही अडलेलं नाही.